सुट्टीतली बायबल शाळा आणि घरी शिकणारी लेकरं

परभणीचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको, मे महिन्यात सकाळी अकरानंतर लेकरांना घराबाहेर काढण्यात काही अर्थ नसतो. म्हणून इकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांची सुट्टीतली बायबल शाळा सकाळी लवकर भरते आणि ऊन तापायच्या आत सुटते. सगळे तिला ‘व्हीबीएस’ म्हणतात. पाच ते दहा दिवसांची ही शाळा. चर्चच्या सतरंज्या अंथरल्या जातात, प्रार्थना होते, हातवारे करत गाणी म्हटली जातात आणि मग वयाप्रमाणे पांगापांग होते. शिशुवर्ग आत पंख्याखाली, मधली पोरं व्हरांड्यात, मोठी लिंबाच्या सावलीत. प्रत्येक गटाला एक गोष्ट, एक वचन पाठ करायला आणि कागद-कात्री-डिंकाचं काहीतरी काम. मध्ये सरबत आणि बिस्किटं. शेवटच्या दिवशी पाळकसाहेब आणि आईबाप समोर बसतात, पोरं शिकलेलं सगळं म्हणून दाखवतात आणि बक्षिसं वाटली जातात.

शाळेत जाणाऱ्या मुलाला हे सुट्टीतलं जास्तीचं काही असतं. पण जे लेकरू शाळेत जातच नाही, घरीच शिकतं, त्याच्यासाठी हे दहा दिवस म्हणजे वर्षातला एकमेव वर्ग. त्याला शेजारी बसायला कोणी मिळतं ते तेवढंच. या लेखाचं कारण तेच आहे.

घरी शिकणं म्हटलं की पुण्या-मुंबईची सुशिक्षित, हौशी कुटुंबं डोळ्यांपुढे येतात. मराठवाड्यात कारणं वेगळी असू शकतात. पाळकाची बदली होते आणि वर्षाच्या मध्येच गाव सुटतं. एखाद्या मुलाचं आजारपण लांबतं. कुणाला गावातल्या शाळेचं माध्यम किंवा वातावरण पटत नाही, आणि मुलाचा दिवस प्रार्थनेनं सुरू व्हावा, शास्त्र रोज वाचलं जावं ही काहींची मनापासूनची इच्छा असते. कायद्यात याला सोपी वाट नाही. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयाच्या मुलांच्या शिक्षणाचा. घरच्या शिक्षणाला त्यात नावानिशी जागा नाही. व्यवहारात मात्र दारं उघडी आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पायऱ्या आहेत, पुढे दहावी-बारावी आहे. आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म तर घराघरांत माहीत आहे. परीक्षेची सोय होते. सोबतीची होत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तीच.

अमेरिकेत घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना ही अडचण फार आधी कळली. तिथे १९८० च्या दशकात ही चळवळ मोठी झाली आणि १९९३ पर्यंत सगळ्या राज्यांत तिला कायद्याची मान्यता मिळाली. त्या आयांनी एक साधी गोष्ट केली. आठवड्यातून एक दिवस चर्चचा हॉल मागून घेतला आणि विषय वाटून घेतले. जिला विज्ञान येतं ती सगळ्यांच्या पोरांना प्रयोग करून दाखवते, जिचा गळा चांगला ती गायनवृंद घेते, एखादा बाप सुतारकाम शिकवतो. घरात एकट्यानं करता न येणारं सगळं तिथे होतं: नाटक, वादविवाद, सांघिक खेळ, उन्हाळ्याचं निवासी शिबिर. या वर्गांभोवती आज तिथे पुस्तकांचा आणि साहित्याचा मोठा व्यापार उभा आहे. तो व्यापार आपल्याला नको. कल्पना मात्र घेण्यासारखी आहे.

व्हीबीएससुद्धा तिकडचीच. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड भागात एलायझा हॉज नावाच्या बाईंनी गल्लीत उनाडणाऱ्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग काढला. जागा मिळाली ती बिअर विकणाऱ्या हॉलची. १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी ती कल्पना उचलून शहरभर नेली. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, १७८० मध्ये, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट राइक्स यांनी रविवारची शाळा सुरू केली. सहा दिवस कामावर राबणाऱ्या मुलांना तिथे अक्षरओळख मिळे. भारतात १८७६ मध्ये अलाहाबादला इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली. आपल्याकडे जुने लोक अजून ‘शब्बाथ शाळा’ म्हणतात ती याच घराण्यातली. शाळेनं ज्यांना सामावून घेतलं नाही त्यांच्यासाठी या दोन्ही शाळा निघाल्या, हे विसरता कामा नये. घरी शिकणारं मूल आज त्याच रांगेत उभं आहे.

पण परदेशात जायची तरी काय गरज? मराठी ख्रिस्ती समाजातली सगळ्यात मोठी विदुषी घरीच शिकलेली होती. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, रमाला शिकवलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या मुलीला भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते. तीर्थयात्रा करत सगळं कुटुंब देशभर पायी फिरलं आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळानं आईबाप दोघंही नेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. घरच्या शिक्षणाची ताकद याहून वेगळी काय दाखवायची?

तरीही पुढे स्वतः संस्था काढताना रमाबाईंनी केवळ पाठांतरावर भर दिला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १८८३ मध्ये इंग्लंडला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ पासून अमेरिकेत असताना फ्रोबेलची बालोद्यान पद्धत त्या मुद्दाम शिकल्या, मराठीत तशी पुस्तकं लिहायला घेतली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, आणि दुष्काळातल्या मुलींना आसरा देता देता केडगावला मुक्ती मिशन वाढत गेलं. तिथे पुस्तकांच्या बरोबरीनं हातमाग होता, शिवण होतं, शेती होती, गाईगुरं होती आणि छापखाना होता. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांतून सोप्या मराठीत बायबल उतरवलं, आणि ते जुळवलं, छापलं, बांधलं ते मुक्तीच्या मुली-बायकांनी. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. ज्या मुलींना अक्षर ठाऊक नव्हतं त्यांच्यासारख्याच मुली खिळे जुळवून सबंध बायबल उभं करत होत्या. विशेष वर्ग म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

वाचायला मराठीत तेव्हा ‘बालबोधमेवा’ होतं. अमेरिकन मराठी मिशननं १८७३ मध्ये सुरू केलेलं हे मुलांचं मासिक. विज्ञानाची माहिती, प्राण्यांच्या गोष्टी, चित्रं, कविता असं सगळं त्यात यायचं, आणि ख्रिस्ती नसलेल्या घरांतही ते वाचलं जायचं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा हातही त्याला लागला होता. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण आपण तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत. त्यांची अडीचशेच्या आसपास गीतं आजही मराठी उपासनेत गायली जातात, अभंग आणि ओवीच्या चालीत, टाळ-पेटीवर. लक्ष्मीबाई टिळकांनाही अक्षरं मिळाली ती घरातच, नवऱ्याच्या हाताखाली. पुढे त्यांच्या हातून ‘स्मृतिचित्रे’ लिहून झालं.

हा सगळा ठेवा घरात असताना आजच्या व्हीबीएसमध्ये काय दिसतं? गाणी बहुतेक इंग्रजीवरून उतरवलेली, चालीसकट. पुस्तिकेतली चित्रं बर्फाची नि ओक झाडांची. शिकवणाऱ्या ताया जीव तोडून शिकवतात, त्यांच्या मेहनतीबद्दल शंका नाही, पण साहित्य बाहेरून आलेलं असतं. गंगाखेडला गोदाकाठी जनाबाईंचं गाव आहे. त्या तालुक्यातलं मूल जात्यावरच्या ओवीची लय कानात घेऊनच वाढतं. त्याला टिळकांचं गीत टाळावर शिकवलं तर दुसऱ्याच दिवशी ते मोकळ्या गळ्यानं म्हणेल. उसन्या चालीवर त्याचे ओठ हलतात, आवाज फुटत नाही.

उसनं सगळंच वाईट, असं मात्र नाही. फ्लॅनेलबोर्डचंच घ्या. लाकडी फळीवर फ्लॅनेलचं कापड ताणून बसवलेलं असतं. कागदाची माणसं, झाडं, होड्या कापून त्यांच्या पाठीवर फ्लॅनेलचाच तुकडा चिकटवलेला. तळव्यानं हलकेच दाबलं की कापडाचे तंतू एकमेकांत अडकतात आणि चित्र टिकून राहतं, ना टाचणी लागते ना डिंक. जक्कयाची गोष्ट चालली असेल तर आधी उंबराचं झाड लागतं, मग खाली गर्दी, आणि मग ताई त्या ठेंगण्या माणसाला उचलून हळूच फांदीवर ठेवतात. पोरांचे डोळे त्यांच्या बोटांमागे जातात. पंख्याचा वारा लागला तर जक्कय घसरतो, आणि त्याला परत वर चढवायला चार हात एकदम पुढे येतात. मोबाइलवरच्या चित्रपटात हे होत नाही. तिथे जक्कयाला हात लावता येत नाही. वीज गेली तरी चालणारं, शंभर-दोनशे रुपयांत घरी बनणारं हे साधन प्रत्येक घरी शिकवणाऱ्या आईकडे असावं. त्यावर भूगोलही शिकवता येतो: गोदावरी, पूर्णा, दुधना आणि त्यांच्या काठची गावं.

आणखी एक साधं साधन म्हणजे शब्द नसलेलं पुस्तक. १८६६ मध्ये लंडनचे उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी काळं, लाल आणि पांढरं अशा तीन पानांवरून उपदेश केला. सोनेरी आणि हिरवं नंतर आले. लिहिता न येणाऱ्या मुलालाही ते हातात धरून अख्खी गोष्ट सांगता येते.

माझं म्हणणं एवढंच आहे की दहा दिवसांच्या या शाळेनं बारा महिने चालावं. शनिवारची सकाळ पुरे. चर्चचा हॉल आठवडाभर बंदच असतो. घरी शिकणारी पाच-सहा मुलं जमली तरी वर्ग होतो, आणि त्यात शाळेत जाणारी मुलंही यावीत, नाहीतर हीही एक बंद खोली होईल. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. ज्वारी-कापसाची वाणं कशी तयार होतात ते पाहायला पोरांना न्यायची परवानगी मागता येईल. मंडळीतली परिचारिका प्रथमोपचार शिकवील, रेल्वेतला माणूस पूर्णा जंक्शनवर सिग्नल समजावून सांगेल, पेटी वाजवणारे आजोबा सूर शिकवतील. उन्हाळ्यात तीन दिवसांचं निवासी शिबिर करायचं तर दौंडच्या पुढे पुण्याकडे जाताना केडगाव लागतं. रमाबाईंचं काम जिथे उभं राहिलं ती जमीन मुलांनी डोळ्यांनी पाहावी. जवळ जायचं तर जालन्याला जावं. तिथे नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल वसवलं. आपल्या आजोबा-पणजोबांचा मराठवाडा मुलांना तिथे भेटेल.

एक पथ्य कडक पाळावं. शेजारची दुसऱ्या धर्माची मुलं खेळायला, गाण्याला येतातच. त्यांच्या आईबापांना काय शिकवणार ते आधी स्पष्ट सांगावं, त्यांची लेखी परवानगी घ्यावी, आणि त्यांना कधीही येऊन मागे बसू द्यावं. निवासी शिबिरात मुलींसाठी बायकाच सोबतीला असाव्यात, आणि कोणतंही मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत नसावं. मुलांच्या विश्वासाला तडा जाईल असं काही घडलं तर चांगल्या कामाची वर्षं वाया जातात.

जून लागला की बहुतेक मंडळ्यांत फ्लॅनेलबोर्ड कपाटात जातो तो थेट पुढच्या एप्रिलला बाहेर निघतो. यंदा तो आत ठेवू नका. आपल्या मंडळीत घरी शिकणारं एकच मूल असलं, तरी त्याच्या आईला विचारा, आणि येत्या शनिवारी हॉलची किल्ली तिच्या हाती द्या.