मोबाईलचा वापर आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची शैक्षणिक कामगिरी : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीतील केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवरून संभाषण केले आणि भारतात मोबाईल सेवेचा आरंभ झाला. त्या काळी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत असल्याने मोबाईल ही धनिकांची चैन होती. २००३ मध्ये येणारे कॉल निःशुल्क झाले, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर इंटरनेट डेटाचे दर कोसळले आणि २०२० च्या कोरोना टाळेबंदीत तर मोबाईल हाच विद्यार्थ्यांचा वर्ग ठरला. तीन दशकांच्या या प्रवासात मोबाईल महाविद्यालयीन जीवनाचा अविभाज्य घटक बनला आहे.

विद्यार्थ्यांच्या मोबाईल वापराविषयी शिक्षणक्षेत्रात सामान्यतः दोन टोकांच्या भूमिका आढळतात. मोबाईलमुळे विद्यार्थी वाया गेले, अशी एक भूमिका असून मोबाईलशिवाय आजचे शिक्षण अशक्य आहे, अशी दुसरी. दोन्ही भूमिकांत तथ्यांश आहे. परंतु कोणत्या विद्यार्थ्यावर, केव्हा आणि कसा परिणाम होतो, हा प्रश्न मात्र दोहोंतही अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा ऊहापोह करण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) मोबाईलमुळे अध्ययनप्रक्रियेत येणाऱ्या व्यत्ययाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) मोबाईल वापर व परीक्षेतील गुण यांच्या संबंधाविषयीच्या संशोधनांची चिकित्सा करणे.
३) महाविद्यालयीन स्तरावर अवलंबिता येतील अशा उपाययोजना सुचविणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेख दुय्यम साधनसामग्रीवर आधारित असून त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.

अवधान आणि व्यत्यय :

अध्ययनाचा पाया अवधान हा आहे. ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली मांडलेल्या कार्यरत स्मृतीच्या सिद्धान्तानुसार मनुष्य एका वेळी अत्यंत मर्यादित माहिती मनात धरून तिच्यावर विचार करू शकतो. वर्गात ऐकलेला मुद्दा या स्मृतीत टिकला, तरच त्याची पूर्वज्ञानाशी सांगड घातली जाते. सोफी लरॉय यांनी २००९ साली दाखवून दिले की, एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर मनाचा काही अंश पहिल्या कामातच गुंतून राहतो. संदेश वाचून विद्यार्थी फळ्याकडे पाहू लागला, तरी त्याचे मन त्या संदेशाच्या उत्तरात अडकलेले असते.

हा परिणाम एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होतो. वाणिज्य शाखेच्या वर्गात घटत्या शिल्लक रकमेवर घसारा आकारण्याची पद्धत शिकविली जात आहे. एक लाख रुपयांच्या यंत्रावर दहा टक्के दराने पहिल्या वर्षी १०,००० रुपये घसारा येतो. दुसऱ्या वर्षी तो उरलेल्या ९०,००० रुपयांवर आकारावयाचा असल्याने ९,००० रुपये होतो. नेमक्या याच पायरीला अर्धा मिनिट मोबाईलकडे पाहिलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षीही १०,००० रुपयेच लिहितो. पुढील सर्व आकडे त्याच्या वहीत चुकत जातात आणि हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, अशी त्याची समजूत होते. गेलेला वेळ अर्ध्या मिनिटाचा असतो, परंतु तुटलेली कडी संपूर्ण तास निरर्थक करते.

जेफ्री कुझनेकॉफ व स्कॉट टिट्सवर्थ यांच्या २०१३ मधील प्रयोगातही असेच निष्कर्ष हाती आले. व्याख्यान ऐकताना मोबाईल न वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी, सक्रियपणे मोबाईल वापरणाऱ्यांच्या तुलनेत ६२ टक्के अधिक माहिती टिपणांत नोंदविली आणि व्याख्यानावरील चाचणीतही ते सरस ठरले. एकाच वेळी अनेक कामे करण्याची सवय असलेली तरुण पिढी व्यत्ययाला सरावलेली असते, हा समजही स्टॅनफर्ड विद्यापीठातील २००९ च्या अभ्यासात टिकला नाही. अनेक माध्यमे एकदम हाताळणारे विद्यार्थी अनावश्यक माहिती दूर सारण्यात इतरांपेक्षा मागे पडले.

गुणांशी संबंध : सहसंबंध की कार्यकारणभाव?

अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठात सुमारे ५०० विद्यार्थ्यांवर झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मोबाईलचा वापर जितका अधिक तितके गुण कमी, असा सहसंबंध आढळला. तथापि, सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. अभ्यासात मुळातच रस नसलेला विद्यार्थी मोबाईलकडे अधिक वळत असेल, तर कमी गुणांचे खापर केवळ मोबाईलवर फोडता येत नाही. आंद्रेयास ब्येर्रे-निल्सन व सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील ४७० विद्यार्थ्यांच्या वर्गातील मोबाईल वापराची दोन वर्षे सलग नोंद घेतली. विद्यार्थ्यांची स्थिर वैशिष्ट्ये विचारात घेतल्यावर मोबाईलचा दुष्परिणाम पूर्वीच्या अभ्यासांत दिसला त्याहून बराच कमी असल्याचे त्यांच्या २०२० च्या शोधनिबंधात स्पष्ट झाले.

मोबाईल बंदीच्या परिणामांविषयीचे निष्कर्षही सर्वत्र सारखे नाहीत. इंग्लंडमधील चार शहरांतील ९१ शाळांच्या अभ्यासात बंदीनंतर निकाल सुधारला. ही सुधारणा मुख्यत्वे मागे पडलेल्या विद्यार्थ्यांत होती. हुशार विद्यार्थ्यांच्या गुणांत लक्षणीय फरक पडला नाही. स्वीडनमध्ये मात्र २०२० च्या अभ्यासात बंदीचा असा लाभ दिसून आला नाही.

भारतीय प्राध्यापकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग २०२५ साली मांडला गेला. आल्प सुंगू, प्रदीप कुमार चौधरी व ब्येर्रे-निल्सन यांनी भारतातील दहा उच्च शिक्षण संस्थांतील सुमारे १७,००० विद्यार्थ्यांवर यादृच्छिक नियंत्रित पद्धतीने तो केला. तासापूर्वी मोबाईल जमा करून घेतलेल्या वर्गांतील गुणांत सरासरी ०.०८६ प्रमाण विचलनाइतकी वाढ झाली. ही वाढ आकाराने माफक आहे. परंतु ती विशेषतः कमी गुण मिळविणारे, प्रथम वर्षातील तसेच विज्ञान-तंत्रज्ञानाबाहेरील शाखांतील विद्यार्थी यांच्यात अधिक होती. कला व वाणिज्य शाखांच्या प्रथम वर्षाच्या वर्गात शिकविणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने या निष्कर्षाची दखल घ्यावयास हवी.

नाण्याची दुसरी बाजू :

ज्या विद्यार्थ्याला वर्गातील मोबाईल सर्वाधिक नडतो, त्यालाच वर्गाबाहेर त्याची सर्वाधिक गरज असते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरी कुटुंबांत हे प्रमाण २३.४ टक्के होते. घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या विद्यार्थ्यासाठी संदर्भग्रंथ, शब्दकोश, ‘स्वयम्’वरील व्याख्याने आणि स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका हे सारे त्या एका पडद्यावरच उपलब्ध असते.

शिवाय, विद्यार्थ्याच्या हाती मोबाईल देण्यात शिक्षणव्यवस्थेचाही वाटा आहे. प्रवेश अर्ज, महाडीबीटी पोर्टलवरील शिष्यवृत्तीचा अर्ज आणि परीक्षेचा निकाल यांसाठी विद्यार्थ्याला इंटरनेटचाच आधार घ्यावा लागतो. अनेक ठिकाणी वेळापत्रकातील बदल व्हॉट्सॲप गटावर कळविले जातात, तेही पुष्कळदा तास चालू असतानाच. एकीकडे वर्गात मोबाईल वापरू नये असे बजावावयाचे आणि दुसरीकडे दर तासाला मोबाईल पाहणे भाग पाडावयाचे, ही विसंगती दूर झाल्याशिवाय कोणताही नियम विद्यार्थ्यांना मनापासून पटणार नाही.

उपाययोजना :

१) मोबाईलसंबंधीचा नियम तासापुरता मर्यादित असावा. ग्रंथालयात व मोकळ्या वेळेत मोबाईल वापरण्याची मुभा असावी.
२) प्रथम वर्षाच्या वर्गांपासून आरंभ करून तासापूर्वी मोबाईल बंद अवस्थेत ठरलेल्या जागी ठेवण्याची व तास संपताच परत घेण्याची व्यवस्था करावी. केवळ पिशवीत ठेवण्याच्या सूचनेचे पालन होत नाही, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.
३) महाविद्यालयाच्या सूचना दिवसातून एकदा, ठराविक वेळी पाठवाव्यात. तासाच्या वेळेत प्राध्यापकांनीही मोबाईल वापरू नये.
४) अध्यापनात मोबाईलची आवश्यकता असल्यास तो नेमक्या कृतीपुरता बाहेर काढावयास सांगावा व कृती संपताच बाजूला ठेवावा.
५) तासाच्या अखेरीस वही मिटून त्या दिवशीचे तीन मुद्दे स्मरणाने लिहावयास लावावे. आठवून लिहिल्याने ज्ञान अधिक काळ टिकते, हे रोडिगर व कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखविले आहे.
६) घरून किंवा रुग्णालयातून तातडीचा निरोप येण्याची शक्यता असलेल्या विद्यार्थ्यांसाठी कार्यालयाचा दूरध्वनी उपलब्ध ठेवावा. कुटुंबाची जबाबदारी पेलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही तरतूद अत्यावश्यक आहे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, मोबाईलचा शैक्षणिक कामगिरीवर होणारा परिणाम वापराच्या एकूण तासांपेक्षा वापराच्या वेळेवर व हेतूवर अधिक अवलंबून असतो. वर्गातील व्यत्ययाची सर्वाधिक किंमत मोजतो तो मुळात मागे असलेला विद्यार्थी. हुशार विद्यार्थी चुकलेला मुद्दा पुस्तकातून वा शिकवणीतून भरून काढतो; ज्याच्याजवळ वर्गाखेरीज दुसरा आधार नाही, त्याला तो मुद्दा बहुधा पुन्हा भेटत नाही. म्हणून तासापुरते मोबाईल बाजूला ठेवण्याच्या नियमाकडे शिस्तीचा बडगा म्हणून न पाहता शैक्षणिक समतेचा उपाय म्हणून पाहावे लागेल. त्याच न्यायाने तासाबाहेर त्या विद्यार्थ्याला मोबाईलचा अभ्यासासाठी उपयोग कसा करावा हे शिकविणे, हेही प्राध्यापकांचे कर्तव्य ठरते.