माइल्स जमले, आता कुणाला पाठवायचे?

तंजावरच्या राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात गेलात तर एक गोष्ट लक्षात येते. सरफोजी राजे दुसरे यांनी युरोपातून पुस्तके मागवली, नकाशे मागवले, वैद्यकाची साधने मागवली. पण ते स्वतः कधी समुद्रापार गेले नाहीत. 1820 मध्ये मोठा लवाजमा घेऊन निघाले ते काशीयात्रेला. आज त्याच तंजावरमधल्या कितीतरी मराठी घरांतला एखादा मुलगा किंवा मुलगी सिंगापूर, दुबई किंवा अमेरिकेत असते. आईबाबा मात्र अजून मोठ्या देवळाच्या आसपासच असतात. मधे असते ते विमानाचे तिकीट आणि त्याची किंमत.

अशा वेळी घरातल्या कुणाच्या तरी खात्यात साठलेले एअर माइल्स आठवतात. ऑफिसच्या कामासाठी वर्षानुवर्षे फिरल्यावर हजारो माइल्स जमतात. मग प्रश्न पडतो, हे खर्च कसे करायचे? कुटुंबाची सहल, नवरा-बायकोची बिझनेस क्लासची हौस की आईचा पहिला परदेशप्रवास?

गेल्या वर्षी आमच्या आत्याच्या घरी हाच प्रश्न आला होता. आत्या तंजावरची, वय 67, गुडघे दुखरे, परदेशात कधीच न गेलेली. दादाच्या खात्यात 92,000 माइल्स होते आणि त्यातले बरेचसे 31 मार्चला संपणार होते. दादा-वहिनीला मुलांना घेऊन सिंगापूरला जायचे होते. दुसरीकडे न्यू जर्सीत राहणाऱ्या ताईला मे महिन्यात पहिले बाळ होणार होते. आत्या म्हणाली, ‘‘मला काय करायचंय एवढ्या लांब जाऊन? मुलांना समुद्र दाखवा.’’ पण रोज रात्री ताईच्या फोनची वाट ती कशी बघायची, हे घरात सगळ्यांना दिसत होते.

तुमच्या घरीही असा पेच असेल तर ठरवण्याआधी काही गोष्टी समजून घ्या.

माइल्स म्हणजे फुकट तिकीट नव्हे

अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मध्ये आपला माइल्सचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे जगभरातल्या कंपन्यांनी तो कित्ता गिरवला. कल्पना साधी होती, आमच्याच विमानाने परत परत या आणि बक्षीस मिळवा. पण बक्षिसाच्या तिकिटावरही विमानतळ शुल्क आणि सरकारी कर रोख भरावे लागतात. काही कंपन्या त्यावर इंधन अधिभारही लावतात. तो कधी कधी इतका असतो की, ‘मग माइल्स कशाला वापरले?’ असे वाटावे.

लंडनहून परत येणार असाल तर हे आणखी जाणवते. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशाकडून तिथले सरकार हवाई प्रवास कर घेते आणि वरच्या वर्गासाठी तो जास्त असतो. म्हणून माइल्सचा आकडा बघून खूश होऊ नका. शेवटच्या पानावर रोख किती भरायचे आहेत ते आधी बघा. ही रक्कम परकीय चलनात असेल तर तुमचे कार्ड त्यावर वेगळे शुल्क लावते का, हेही तपासा.

एका माइलची किंमत काढा

हिशोब अगदी सोपा आहे. रोख तिकिटाच्या किमतीतून माइल्सच्या तिकिटावर भरावे लागणारे कर वजा करा. उरलेल्या रकमेला माइल्सच्या संख्येने भागा.

समजा, एका तिकिटाची रोख किंमत 30,000 रुपये आहे. तेच तिकीट 20,000 माइल्स आणि 6,000 रुपये करात मिळते. म्हणजे 24,000 भागिले 20,000. एका माइलचे तुम्हाला 1 रुपया 20 पैसे मिळाले.

आता समजा, बिझनेस क्लासचे तिकीट 2,40,000 रुपयांचे आहे आणि ते 80,000 माइल्स व 24,000 रुपयांत मिळते. इथे एका माइलचे 2 रुपये 70 पैसे होतात. कागदावर हा सौदा दुपटीहून चांगला दिसतो. पण स्वतःला एक प्रश्न विचारा. माइल्स नसते तर तुम्ही त्या खुर्चीसाठी 2,40,000 रुपये खिशातून दिले असते का? बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असेच असते. तुम्ही 60,000 रुपयांचे साधे तिकीट काढले असते. मग तुमचे खरे वाचले 36,000 रुपये, म्हणजे एका माइलमागे फक्त 45 पैसे. बाकीची किंमत आरामाची आहे. आराम हवा असेल तर जरूर घ्या, पण त्याला बचत म्हणू नका.

जिथे रोख तिकीट स्वस्त, तिथे माइल्स वाया

तंजावरहून त्रिची विमानतळ रस्त्याने साधारण तासा-दीड तासावर आहे. 2024 च्या जानेवारीत तिथल्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. त्रिचीहून सिंगापूर, क्वालालंपूर, कोलंबो आणि आखाताकडे थेट विमाने जातात आणि त्यांत कमी भाड्याच्या कंपन्या बऱ्याच आहेत. शाळेच्या सुट्ट्या, पोंगल, दिवाळी सोडून थोडे आधी बुकिंग केले तर ही तिकिटे आवाक्यात असतात.

अशा छोट्या प्रवासावर माइल्स खर्च केले तर हिशोबात हाती फार कमी लागते. शिवाय मोठ्या कंपनीचे माइल्स वापरायला तुम्हाला बहुधा चेन्नई गाठावी लागते. म्हणजे रात्रीची रेल्वे, तिथून टॅक्सी आणि तीन-साडेतीनशे किलोमीटरचा जास्तीचा प्रवास. पाच जणांच्या कुटुंबाला हे सगळे करून माइल्स ‘वाचवण्यात’ अर्थ नसतो.

आमच्या दादाने दोन्ही आकडे एका कागदावर मांडले. सिंगापूरला पाच जणांसाठी त्याचे माइल्स पुरत नव्हते आणि त्रिचीहून रोख तिकिटे त्याला परवडत होती. अर्धा निर्णय तिथेच झाला.

जिथे तारीख नक्की नाही, तिथे माइल्स कामाचे

ही गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात. स्वस्त रोख तिकीट बदलायला गेलात तर दंड आणि भाड्यातला फरक, दोन्ही भरावे लागतात. बऱ्याच कार्यक्रमांत माइल्सचे तिकीट मात्र ठरावीक शुल्क भरून बदलता किंवा रद्द करता येते आणि माइल्स खात्यात परत येतात. अट एकच, बदललेल्या तारखेला माइल्सची जागा शिल्लक असायला हवी. तसेच मुदत उलटून गेलेले माइल्स परत मिळतीलच असे नाही. हे नियम बुकिंगच्या आधी वाचा.

बाळंतपण, आजारपण, ऑपरेशन, लग्नाचा न ठरलेला मुहूर्त, अशा प्रवासांना तारखेची खात्री नसते. तिथे ही मोकळीक पैशांपेक्षा मोलाची ठरते. बाळ काही तिकिटाची तारीख बघून येत नाही!

गुडघे दुखतात म्हणून बिझनेस क्लासच हवा?

दादाचा पहिला विचार आत्याला जातानाच बिझनेस क्लासमध्ये बसवायचा होता. पण त्यात सगळे माइल्स एकाच बाजूला संपत होते आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे भरावे लागणार होते. दुसरीकडे साध्या वर्गात त्यांत जाणे-येणे दोन्ही बसत होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. विमानतळावरची व्हीलचेअर साध्या वर्गातल्या प्रवाशालाही मिळते. तिकीट काढतानाच ती मागा आणि निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी फोन करून पुन्हा खात्री करा. व्हीलचेअर असली की अनोळखी विमानतळावर रांगा, गेट शोधणे, इमिग्रेशनचा फॉर्म, सगळ्यात सोबत मिळते. इंग्रजीची भीती असलेल्या आईबाबांसाठी हा मोठाच आधार असतो.

सोबत एवढे करा:

* आयल सीट आधीच घ्या, म्हणजे दर तासाने उठून चालता येईल.

* विमान एकदाच बदलावे लागेल असा मार्ग निवडा आणि मधे किमान तीन तासांची सवड ठेवा.

* सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असू द्या. दोन वेगळी तिकिटे असली आणि पहिले विमान उशिरा पोहोचले तर पुढची जबाबदारी कुणीच घेत नाही.

* औषधे हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा.

हे सगळे करूनही तब्येत साथ देणार नसेल, पाठीचे किंवा हृदयाचे दुखणे असेल, तर मात्र हिशोब बाजूला ठेवा. डॉक्टरांना विचारा आणि माइल्स आरामावर खर्च करा. ते त्यासाठीच आहेत.

नावाचा घोळ आधी सोडवा

तामिळनाडूतल्या मराठी घरांत ही अडचण हमखास येते. इथे आडनावाऐवजी वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचे आद्याक्षर लावायची पद्धत आहे. त्यामुळे पासपोर्टवर कधी कधी एकच नाव छापले जाते आणि आडनावाची जागा रिकामी राहते. अमेरिकेच्या व्हिसावर मग तेच नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही अक्षरे येतात. संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर 2022 पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांसाठी नियम कडक केले आहेत.

माइल्सच्या खात्यावरचे नाव, तिकिटावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव एकसारखेच हवे. आत्याच्या जुन्या पासपोर्टवर एकच नाव होते. ताईने दोन वर्षांपूर्वीच हट्ट धरून त्रिचीच्या पासपोर्ट कार्यालयात अर्ज करायला लावला, नव्या पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगवेगळे आले आणि मग चेन्नईला जाऊन व्हिसा झाला. ते झाले नसते तर 92,000 माइल्स असूनही आत्या घरीच राहिली असती. म्हणून आधी पासपोर्ट, मग व्हिसा आणि त्यानंतर माइल्स हा क्रम सोडू नका.

दुसऱ्यासाठी तिकीट काढता येते का?

बहुतेक कार्यक्रमांत येते, पण प्रत्येकाची पद्धत वेगळी. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये पाच जणांची यादी आधी द्यावी लागते. एमिरेट्स आणि ब्रिटिश एअरवेजमध्ये कुटुंबातल्या सदस्यांचे माइल्स एकत्र जमवायची सोय आहे. घरात तिघांच्या खात्यात थोडे थोडे माइल्स पडून असतील तर आधी ही सोय बघा.

आणखी एक, ज्या कंपनीचे माइल्स आहेत तिच्याच विमानात बसायला हवे असे नाही. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे तिचे पॉइंट्स सिंगापूर एअरलाइन्स किंवा लुफ्तांसावरही वापरता येतात. श्रीलंकन, कतार आणि ब्रिटिश एअरवेज वनवर्ल्ड या दुसऱ्या गटात आहेत. आपल्या कंपनीच्या विमानात जागा नसेल तर गटातल्या इतर कंपन्यांत शोधा.

मुदत विसरू नका

माझे बाबा आठ वर्षे कामासाठी फिरले. माइल्स ‘निवृत्तीनंतर आईला घेऊन जाईन’ म्हणून ठेवले होते. निवृत्त झाल्यावर खाते उघडले तर शिल्लक शून्य. मुदत केव्हाच संपली होती आणि सूचनेचे ईमेल ऑफिसच्या जुन्या पत्त्यावर जात होते. आई काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून मी घरातल्या सगळ्यांच्या खात्यांच्या तारखा एका वहीत लिहून ठेवते.

तुम्हीही ठेवा. क्रिसफ्लायरसारख्या कार्यक्रमात माइल्स तीन वर्षांनी संपतात. काही ठिकाणी अधूनमधून व्यवहार केला की मुदत वाढते. मुदत संपण्याआधी तिकीट काढून प्रवास नंतर करता येतो का, हेही विचारा. आणि खात्यावर नेहमी स्वतःचा ईमेल द्या, ऑफिसचा नको.

माइल्स ही काही मुदत ठेव नाही. त्यांवर व्याज मिळत नाही, उलट कंपन्या दर बदलतात तेव्हा त्यांची किंमत कमीच होते. आज एका तिकिटाला लागणारे माइल्स उद्या पुरतीलच याची खात्री नाही. म्हणून साठवण्याला मर्यादा हवी.

शेवटी ठरवायचे कसे?

हिशोब करा, मुदत बघा, नियम वाचा. त्यानंतर घरातल्या सगळ्यांनी बसून एकच प्रश्न विचारा, माइल्स नसते तर कोणता प्रवास झालाच नसता? सहल पुढच्या वर्षीही होते. बिझनेस क्लासची हौस प्रमोशननंतरही भागते. पण 67 वर्षांच्या आईला ‘पुढच्या वर्षी’ म्हणताना जरा थांबा.

दादाने मार्च संपायच्या आत आत्याचे साध्या वर्गाचे जाण्या-येण्याचे तिकीट काढले, मे महिन्याचे. आत्याने मेतकुटाचा डबा आणि बाळासाठी शिवलेले झबले बॅगेत भरले. आणि बाळ 11 दिवस आधीच आले! वहिनीने कस्टमर केअरला सव्वा तास फोन लावून धरला, शुल्क भरले आणि तारीख अलीकडची करून घेतली. तिसऱ्या दिवशी आत्या चेन्नईहून निघाली.

जूनमध्ये दादा-वहिनी मुलांना घेऊन त्रिचीहून सिंगापूरला जाऊन आले, रोख तिकिटावर आणि चार दिवसांसाठीच. मुलांनी समुद्र पाहिला. आत्या ऑगस्टमध्ये परतली. गुडघे अजून दुखतात, पण आता रात्री ताईचा फोन आला की पहिला प्रश्न बाळ झोपले का, हाच असतो आणि पलीकडून रडण्याचा आवाज आला की आत्या सांगते, ‘‘पालथं घाल, पाठीवर थोपट, तशीच झोपते ती.’’

आज संध्याकाळी पाच मिनिटे काढून तुमचे खाते उघडा. किती माइल्स आहेत आणि ते कधी संपणार, एवढे दोनच आकडे लिहून काढा. कुणाला पाठवायचे, ते मग घरात बसून ठरवा.