वजनकाटा नव्हे, मनाचा काटा बघा!

"उद्यापासून नक्की चालायला जाणार!" असं मी किती वर्षं म्हणत आले, देवच जाणे. हौसेनं बूट आणले, ते खोक्यातच राहिले. आईला साखरेचा आजार. माझी कंबरही ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलेली, म्हणजे आपल्या बायकांसाठी धोक्याची खूण. घरचे म्हणायचे, "आळशी आहेस." मलाही ते पटायचं.

पण मैत्रिणींनो, हा नुसता आळस नसतो. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये सिगारेट सोडणाऱ्या माणसांचा अभ्यास करून दाखवलं, की सवय एका दिवसात बदलत नाही. मन पायरी-पायरीनं तयार होतं. पुढे हेच माप व्यायामालाही लावलं गेलं.

तुम्हीही मोजून बघा. नियमित व्यायाम म्हणजे आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, रोज अर्धा तास, पाच दिवस. येत्या सहा महिन्यांत तो सुरू करायचा विचारच नाही? मग तुम्ही पहिल्या पायरीवर. विचार आहे, पण इतक्यात नाही? दुसरी. महिनाभरात करणारच, थोडी सुरुवातही झालीय? तिसरी. नियमित सुरू आहे, पण सहा महिने व्हायचेत? चौथी. सहा महिने उलटले? शाब्बास, पाचवी!

मी दुसऱ्या पायरीवर अडकले होते. तिथं असलेल्या बाईला वेळापत्रक देऊन उपयोग नाही. तिला विचारायचं, "अडतंय कुठं?" माझं अडत होतं ते सकाळच्या नळाच्या पाण्यापाशी आणि डब्यापाशी. शिवाय आमच्या उमरग्यातून सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो, त्या ट्रकांच्या गर्दीत चालायचं कसं? आणि लोक काय म्हणतील, ते वेगळंच!

हे सगळं कागदावर लिहिलं, तेव्हा वाट सापडली. सकाळऐवजी संध्याकाळ, रस्त्याऐवजी मैदान आणि सोबतीला शेजारच्या काकू. आधी दहा मिनिटं, मग वीस, मग तीस.

मध्ये मुलांच्या परीक्षेत महिनाभर सुटलं. पूर्वी म्हटलं असतं, "झालं, संपलं!" आता कळतं, पाय घसरला म्हणून सगळा जिना पुन्हा चढावा लागत नाही. काकूंनी दारातून हाक मारली, मी बूट घातले.

सांगा बरं, आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? तिथूनच एक पाऊल टाका.