पिंजऱ्यापुढचे वाचक

बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात शांतता फार दुर्मीळ. एक कुत्रं भुंकलं की शेजारचं भुंकतं, मग पाहता पाहता पिंजऱ्यांची सगळी ओळ भुंकायला लागते. त्या गोंगाटात पिंजऱ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसलेली, मांडीवर पुस्तक उघडून मोठ्यानं वाचणारी सात-आठ वर्षांची मुलं, हे दृश्य अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या सेंट लुइस शहरातलं आहे. २०१६च्या सुरुवातीला या मुलांचे फोटो जगभर फिरले आणि बघणाऱ्यांना ते फार गोड वाटले. गोड ते आहेतच. पण या उपक्रमामागचा विचार त्या गोडव्याहून बराच व्यवहारी होता.

हा उपक्रम ह्यूमेन सोसायटी ऑफ मिसुरी या १८७० साली स्थापन झालेल्या संस्थेचा. तिथल्या कार्यकर्त्यांपुढचा प्रश्न मुलांच्या वाचनाचा नव्हता, बुजऱ्या कुत्र्यांचा होता. कुत्रं दत्तक घ्यायला आलेलं कुटुंब पिंजऱ्यांसमोरून चालत जातं, तेव्हा शेपटी हलवत पुढे येणाऱ्या कुत्र्यापाशी थांबतं. मागच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसलेल्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. त्याला घर मिळत नाही, म्हणून तो आणखी दिवस तिथेच राहतो, आणि जितका जास्त राहतो तितका जास्त बुजतो. एएसपीसीए या प्राणिरक्षण संस्थेच्या २०१९च्या अंदाजानुसार अमेरिकेत वर्षाला सुमारे ३१ लाख कुत्री शेल्टरमध्ये येत होती आणि त्यांतली जवळपास ३ लाख ९० हजार इंजेक्शन देऊन मारली जात होती. कोपऱ्यात बसण्याची किंमत कधी कधी एवढी मोठी असते.

अशा कुत्र्याची भीती घालवायची कशी? त्याला ओढून बाहेर काढलं, कुरवाळलं, तर तो आणखी घाबरतो. त्याला हवा असतो हातभर अंतरावर बसणारा, कसलीही घाई नसलेला माणूस. तो बसून करणार काय, याचं उत्तर संस्थेला पुस्तकात सापडलं. २०१५च्या अखेरीस ‘शेल्टर बडीज’ नावानं उपक्रम सुरू झाला आणि ६ ते १५ वयाच्या मुलांना बोलावणं गेलं.

मात्र हातात पुस्तक घेऊन कोणीही थेट आत शिरायचं, असं नाही. मुलांना आधी दहा तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि त्यात शिकवतात ते कुत्र्याचं शरीर वाचायला. झोप आलेली नसताना कुत्रा जांभई देतो, सारखी जीभ ओठांवरून फिरवतो, शेपूट पायांत घालतो, मान वळवून डोळ्यांचं पांढरं दाखवतो. ही सगळी ताणाची लक्षणं. त्याच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही. दार बंदच राहतं, दोघांमध्ये पिंजऱ्याची आड असते. मूल वाचत राहतं, आणि कुत्रा आपण होऊन एक पाऊल पुढे आला की त्याला खाऊ मिळतो. माणूस जवळ असणं आणि काहीतरी चांगलं घडणं यांची सांगड त्याच्या डोक्यात हळूहळू बसते. प्राण्यांना शिकवणारे लोक वर्षानुवर्षं हेच तत्त्व वापरत आले आहेत. प्रशिक्षण पुरं झालं की मुलानं आईला किंवा वडिलांना सोबत आणावं आणि हवं तेव्हा वाचायला यावं.

कुत्र्याला गोष्टीतलं काय कळतं? गोष्ट म्हणून काहीच नाही. पण आवाज कळतो. इंग्लंडमधल्या हार्टपुरी कॉलेजच्या संशोधकांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्यांसाठी नवं घर शोधणाऱ्या एका केंद्रातल्या ३१ कुत्र्यांना त्यांनी कधी शास्त्रीय संगीत, कधी पॉप संगीत, कधी खास प्राण्यांसाठी बनवलेलं संगीत, तर कधी ऑडिओबुक ऐकवलं. कुत्री सर्वांत जास्त निवांत पडून राहिली ती ऑडिओबुक चालू असताना. माणसाचा संथ, एका लयीतला आवाज त्यांना मानवतो, असं दिसतं. नुकतंच वाचायला शिकलेलं मूल नेमकं तसंच वाचतं: सावकाश, शब्द लावत, जवळजवळ एकसुरी. वर्गात ज्या वाचनाला कमी गुण मिळतात ते इथे सरस ठरतं.

मुलाच्या बाजूची गोष्ट मात्र सेंट लुइसच्या बरीच आधी, यूटा राज्यात सुरू झाली होती. सॉल्ट लेक सिटीमधल्या इंटरमाउंटन थेरपी ॲनिमल्स या संस्थेतल्या सँडी मार्टिन या पेशानं परिचारिका. रुग्णांजवळ कुत्रं असलं की त्यांचा ताण उतरतो, हे त्यांनी पाहिलं होतं. मग वाचताना घाबरणाऱ्या मुलांजवळ का नसावं? १९९९ साली त्यांनी आपली ऑलिव्हिया ही पोर्तुगीज वॉटर डॉग जातीची कुत्री शहराच्या सार्वजनिक वाचनालयात मुलांसाठी नेली. तिथून ‘रीडिंग एज्युकेशन असिस्टन्स डॉग्ज’, थोडक्यात ‘रीड’, हा कार्यक्रम उभा राहिला आणि पुढे अमेरिकेबाहेरही पोचला.

मार्टिन यांच्या कल्पनेला थोडा शास्त्रीय आधार आधीपासून होता. एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली मुलांचा रक्तदाब मोजला होता. मोठ्यानं वाचताना तो वाढतो, हे त्यांना दिसलं. खोलीत कुत्रा असेल तर मात्र आकडे खाली राहत. ज्याला कधी भर वर्गात उभं करून धडा वाचायला लावलं आहे आणि जोडाक्षरापाशी अडखळल्यावर मागच्या बाकावरून खुसखुस ऐकू आली आहे, त्याला या शोधाचं नवल वाटणार नाही. कुत्रा चूक काढत नाही, पुढचा शब्द सांगून टाकत नाही आणि घड्याळाकडेही बघत नाही.

पण यानं वाचन खरंच सुधारतं का? इथे उत्साहाला थोडा लगाम घालावा लागतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतला २०१०चा अभ्यास सर्वाधिक सांगितला जातो. त्यात मुलांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा कुत्र्यांना वाचून दाखवलं. तिसरीतल्या शाळकरी मुलांच्या वाचनाचा ओघ १२ टक्क्यांनी, तर घरीच शिकणाऱ्या मुलांचा ३० टक्क्यांनी सुधारला. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉश विद्यापीठाच्या संशोधकांनी वाचनात मागे पडलेली तिसरीतली १०२ मुलं घेऊन त्यांचे गट पाडले. कोणी कुत्र्याला वाचून दाखवलं, कोणी मोठ्या माणसाला, कोणी टेडी बेअरला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कुत्र्याला वाचून दाखवणाऱ्यांचं आकलन इतरांहून सरस निघालं.

आकडे आकर्षक आहेत, पण अभ्यास लहान आहेत. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली या विषयावरचे ४८ अभ्यास एकत्र तपासले आणि परिणाम चांगल्या दिशेचे असले तरी पुराव्याचा दर्जा कमी असल्याचं स्पष्ट लिहिलं. कुत्र्याच्या संगतीत मुलं अवघड उतारा अधिक वेळ सोडत नाहीत, असं कॅनडातल्या २०१९च्या अभ्यासात दिसलं, पण त्यात मुलं होती फक्त १७. तेव्हा कुत्रा वाचायला शिकवतो, असं कोणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नये. अक्षरं आणि आवाज यांची सांगड घालून द्यायला शिक्षकच लागतो. कुत्र्यामुळे मूल जास्त वेळ, न लाजता सराव करतं, आणि वाचन हे सरावानंच येतं, एवढा दावा मात्र पटण्यासारखा आहे.

आणि तरीही वाचनालयातला ‘रीड’चा कुत्रा आणि शेल्टरमधला कुत्रा यांत एक मोठा फरक आहे. ऑलिव्हिया तयार केलेली, शांत, माणसाळलेली होती. ती मुलाला मदत करायला आली होती. शेल्टरमध्ये मदतीची गरज कुत्र्याला आहे आणि ती करणारं मूल आहे. वर्गात ज्याच्याकडे कायम ‘कच्चा’ म्हणून पाहिलं जातं, ज्याला जादा तासाला बसवलं जातं, त्या मुलाला इथे सांगितलं जातं की तुझ्या वाचण्यानं या प्राण्याला घर मिळू शकेल. हे खोटं कौतुकही नाही. या एका गोष्टीमुळे शेल्टरमधला प्रयोग वाचनालयातल्या प्रयोगापेक्षा जास्त मोलाचा वाटतो, मग गुणपत्रिकेवर त्याचा ठसा उमटो वा न उमटो.

पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स परगण्यात २०१३ साली हेच मांजरांबाबत सुरू झालं. ‘बुक बडीज’ नावाच्या त्या उपक्रमात मुलं मांजरांच्या खोलीत बसून वाचत. मांजरं ऐकत की झोपत, याची चिंता कोणी केली नाही.

आपल्याकडे हा प्रयोग जसाच्या तसा उचलता येणार नाही. भारतातली बहुतेक बेवारस कुत्री पिंजऱ्यात नसतात, रस्त्यावर असतात. आपल्या बहुतेक आश्रयस्थानांत जखमी आणि आजारी प्राण्यांचीच गर्दी असते, तिथे मुलांना बसवण्याआधी शंभरदा विचार करावा लागेल. गल्लीतल्या कुत्र्यापुढे तर मुलाला पुस्तक देऊन बसवूच नये. रेबीजचा धोका खरा आहे. पण घरी लस टोचलेला, शांत स्वभावाचा कुत्रा असेल, तर रोज पंधरा मिनिटं मुलाला त्याच्या शेजारी बसून वाचू द्या. पुस्तक मुलाला निवडू द्या, सोप्यातलं सोपं असलं तरी चालेल. तुम्ही लक्ष ठेवण्यापुरते त्याच खोलीत थांबा, आणि मूल अडखळलं तरी मध्ये बोलू नका.