लिनक्स प्रणालीचे नव्या हार्ड डिस्कवर स्थलांतर

संगणकावर आधीपासून असलेली लिनक्स संचालन प्रणाली तिच्यातील प्रोग्राम, मांडणी व वापरकर्त्यांच्या फाइलींसह दुसऱ्या हार्ड डिस्कवर अथवा एसएसडीवर हलविणे म्हणजे लिनक्स प्रणालीचे स्थलांतर होय. उबुंटू आणि सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स या दोन्ही प्रणाली डेबियनवर आधारित असल्याने त्यांची कार्यपद्धती बहुतांशी समान आहे.

पद्धती

स्थलांतराच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. 'डीडी' ही आज्ञा रिकाम्या जागेसह संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत करते. त्यासाठी नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी असावी लागते. 'आरसिंक' केवळ फाइली उतरविते, त्यामुळे मजकूर मावत असल्यास लहान डिस्कही चालते. मालकी व परवानग्या टिकविण्याचे पर्याय मात्र आज्ञेसोबत द्यावे लागतात. फॅट३२ स्वरूपाच्या पेनड्राइव्हमार्गे फाइली नेल्यास ही माहिती नष्ट होते. वापरकर्त्याने स्वतः बसविलेले देवनागरी टंक बहुधा टिंबाने सुरू होणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या फोल्डरांत असतात; केवळ दृश्य फोल्डरांची प्रत केल्यास ते मागे राहतात.

कार्यपद्धती

प्रत करताना फाइली बदलू नयेत म्हणून संगणक लाइव्ह यूएसबीवरून सुरू करतात. 'प्रॉक', 'सिस', 'डेव्ह' व 'रन' या निर्देशिकांतील आशय प्रणाली सुरू होताना नव्याने तयार होतो, तो वगळतात.

फाइली उतरल्या तरी काम पूर्ण होत नाही. प्रत्येक विभाजनास यूयूआयडी हा स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. 'आरसिंक' पद्धतीत नव्या विभाजनाचा क्रमांक वेगळा असल्याने तो 'एफएसटॅब' या फाइलीत नोंदवावा लागतो. त्यानंतर 'सीएचरूट'द्वारे नव्या प्रणालीत शिरून 'ग्रब' हा प्रारंभक पुन्हा बसवितात. हे न केल्यास सर्व फाइली सुरक्षित असूनही संगणक सुरू होत नाही. 'डीडी'ने केलेल्या प्रतीत उलट अडचण येते: दोन्ही डिस्कांचे क्रमांक एकच असल्याने त्या एकत्र जोडून संगणक सुरू करू नये.

सावधगिरी

'डीडी'मध्ये मूळ व गंतव्य डिस्कांची अदलाबदल झाल्यास मूळ माहितीच पुसली जाते. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी 'एलएसबीएलके'ने डिस्कांची नावे व आकार पडताळतात. डिस्क नादुरुस्त होत असल्यास 'डीडीरेस्क्यू' अधिक उपयुक्त ठरते. जुनी डिस्क काढून ठेवून नव्या डिस्कवरून संगणक सुरू होतो आणि फाइली उघडतात याची खात्री होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नये.