पापा खारट लागतो तेव्हा

बाळाचा पापा घेताना ओठांना मिठाची चव लागली, तर ती उन्हाळ्याच्या माथी मारू नये. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात घाम फार खारट होतो. १९४८ च्या उष्णतेच्या लाटेत न्यूयॉर्कमध्ये ग्लानी येऊन दाखल झालेल्या मुलांमुळे हा धागा डॉक्टरांच्या हाती लागला.

दुसरी खूण दुपट्यात दिसते: तेलकट, चिकट, उग्र वासाची शी. मूल पोटभर जेवतं, तरी अंग धरत नाही, कारण घट्ट स्रावाने स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबून तूप-तेल पचतच नाही. छातीतही तोच चिकटा. खोकला हटत नाही, न्यूमोनिया उलटतो. आपल्याकडे अशा खोकल्याला आधी दमा किंवा क्षयच समजतात. घामातलं क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोल किंवा अधिक असेल, तर निदान जवळपास पक्कं.