शेत न विकता शेतावर मुक्काम

आपल्या मंडळातील अनेक घरांतील मुले इंग्लंडात स्थायिक आहेत. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे गेलो, तेव्हा त्याने कॉर्नवॉलच्या समुद्रकिनारी एका शेतकरी कुटुंबाच्या शेतावर तीन रात्रींचा मुक्काम ठरवला होता. तंबूत झोपायचे म्हणून सौ. धास्तावली होती. माझे लक्ष मात्र बँकेच्या सवयीने हिशेबाकडे गेले.

अशा शेतावर तीन प्रकारचे पाहुणे असतात. एक तंबूवाले. दुसरे गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची छोटी खोली, ओढत आणणारे. तिसऱ्यांची मोठी कॅरॅव्हॅन तिथेच कायम उभी असते. कॅरॅव्हॅन त्यांची, जागा शेतकऱ्याची, आणि जागेचे भाडे वर्षाचे. पहिल्या दोघांचे येणे ऊन-पावसावर अवलंबून, तिसऱ्याचे भाडे ठरलेले. आपल्या भाषेत एक चालू खाते, दुसरी मुदत ठेव.

मन मानेल तसे मात्र करता येत नाही. १९६० च्या कायद्यानुसार कॅरॅव्हॅन पार्कसाठी स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो. लहान शेतकऱ्याला सवलत आहे. मान्यताप्राप्त क्लबचे प्रमाणपत्र घेतल्यास पाचपर्यंत कॅरॅव्हॅन परवान्याशिवाय ठेवता येतात. इंग्लंडमध्ये २०२३ पासून तंबूंसाठी वर्षातून ६० दिवस, जास्तीत जास्त ५० जागांपर्यंत, वेगळी नियोजन परवानगी लागत नाही. पण शौचालय आणि कचऱ्याची सोय करावीच लागते. थोडक्यात, आधी अजमावून पाहा, मग भांडवल घाला, अशी ही वाट आहे.

खर्च मात्र चुकत नाही. न्हाणीघरे, गरम पाणी, विजेची जोडणी, पिण्याच्या पाण्याचे नळ हे सगळे पाहुणे कमी आले तरी सांभाळावे लागते. कमाईचे महिने मोजके. म्हणून घरचीच माणसे राबतात.

मालकीणबाईंना मी विचारले, गाई विकून फक्त हेच का करत नाही? त्या हसल्या. मुले दूध काढण्याच्या वेळी गोठ्यापाशी गोळा होतात, शेत आहे म्हणूनच लोक येतात, असे त्यांचे म्हणणे. माझी नातसुद्धा तिथून हलायला तयार नव्हती.

पण जोडधंद्याने जोखीम संपत नाही. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली. लाखो जनावरे मारावी लागली आणि रोग पसरू नये म्हणून शेतांतल्या पायवाटा बंद झाल्या. पाहुणेही आटले. दोन्ही उत्पन्ने एकाच जमिनीवर उभी असली, की ती एकदमच बुडू शकतात. म्हणून कर्ज घेताना वाईटातल्या वाईट वर्षाचा हिशेब आधी मांडावा.

आपल्यापैकी काहींची रत्नागिरी-सिंधुदुर्गात वडिलोपार्जित जमीन आहे. ती विकायची की नाही, यावर घराघरांत वाद चालू आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणले आहे. तरी पहिला तंबू ठोकण्याआधी सातबाऱ्यावरील सर्व सहहिस्सेदारांची संमती घ्यावी, किनाऱ्यालगत असल्यास सीआरझेडचे नियम पाहावेत आणि मुख्य म्हणजे तिथे राहून राबणारे घरातले कोण, हे ठरवावे. या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर बाकीचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

परतताना सौ. म्हणाली, पुढच्या वर्षी चार रात्री राहू.